आत्याच्या मांडीवरची पोथी

नेवाशाच्या आत्याचे डोळे दोन वर्षांपूर्वी रुसले. मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला, तरी सार्थ ज्ञानेश्वरीतला अर्थाचा बारीक टाइप काही लागेना. ओव्या तिला अर्ध्याअधिक पाठ. अडायचं ते खालच्या अर्थापाशी. भिंग धरावं तर एका हातात पोथी पेलत नाही, पोथी मांडीवर घ्यावी तर मान अवघडते. शेवटी तिने पोथी फडक्यात बांधून फडताळात ठेवली. "झालं तेवढं वाचून," म्हणाली.

पुढच्या खेपेला नगरहून जाताना मी माझा ई-रीडर पिशवीत टाकला. हजारो पुस्तकं खिशात मावतात, या कौतुकाचा मला कंटाळाच आहे. हजार पुस्तकं वाचायला आयुष्य कुठून आणायचं? आत्याला एकच पुस्तक हवं होतं, फक्त हरभऱ्याएवढ्या अक्षरात.

आधी मी तोंडघशी पडलो. घातली होती स्कॅन केलेली पीडीएफ. ते पानाचं नुसतं चित्र. मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच अक्षर वाढवल्यावर ओळ मोडून खाली येते. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली तीच मुळी डिसेंबर २०१६मध्ये, आणि आपली कितीतरी चांगली जुनी पुस्तकं अजून चित्रातच अडकली आहेत. दुसऱ्या प्रयत्नात नीट प्रत मिळाली. ओळीत चारच शब्द मावतील एवढं अक्षर केलं. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला, आणि काही न बोलता वाचायलाच लागली.

नातवाच्या मोबाइलवरही अक्षर मोठं होतं, पण त्याने तिच्या डोळ्यांना धार लागायची, आणि दुपारच्या उन्हात ओट्यावर तर त्यात तिचाच चेहरा दिसायचा. इथला पडदा वेगळा. त्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक कुप्या असतात. विजेने कण वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते कागदासारखं बाहेरच्या उजेडावर दिसतं. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, त्यामुळे चार्जिंग आठवडे आठवडे पुरतं. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात याचं मोल वेगळं सांगायला नको. वजन म्हणाल तर पावशेराच्या आतबाहेर.

एक खोड मात्र जाईना. बोट जिभेला लावून पान उलटायची. ओलं बोट लागलं की एकदम दोन पानं पुढे!

"हे पाटावर ठेवायचं का रे?" तिने विचारलं. मी चाचरलो. मग म्हटलं, आत्या, ज्ञानेश्वरी कागदावर कुठे जन्मली? शके १२१२ मध्ये तुझ्याच गावात, त्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली, सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली. पुढे नकला करणाऱ्यांनी इतके पाठ बिघडवले की शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत करावी लागली. मग छापखाना आला. आता हे. आत्याने ऐकून घेतलं आणि पाटावरच ठेवलं.

अठरावा अध्याय महिन्यापूर्वी संपला. परवा तिचा फोन आला, आवाज एकदम खाली. "त्यात बाबूराव अर्नाळकरांचं काही घालता येतं का रे?" लहानपणी माजघरात लपून वाचायची म्हणे त्यांच्या रहस्यकथा. वडिलांनी एकदा पुस्तक बंबात घातलं, तेव्हापासून सुटलं ते सुटलंच.

शोधून एक रहस्यकथा घालून दिली. काल गेलो तर आत्या ओट्यावर, ई-रीडर मांडीवर, डोळे पडद्याला चिकटलेले. समोरून शेजारच्या काकू आल्या, थबकल्या, दोन्ही हात जोडून त्या यंत्राला नमस्कार केला आणि निघून गेल्या. आत्याने मान वर केली नाही. पान तेवढं उलटलं, कोरड्या बोटाने.