यादी कोणाच्या हातात?

माइनक्राफ्टचा सर्वर सांभाळणाऱ्याला स्वतः खेळायला फारसा वेळ मिळत नाही. त्याचा वेळ दुसऱ्यांचे मॉड जुळवण्यात जातो. मॉड म्हणजे मूळ खेळात भर घालणारे छोटे प्रोग्राम. एखाद्याने नवे प्राणी येतात, एखाद्याने आगगाडी, एखाद्याने शेतीची औजारे. नव्या वस्तू आणणारा मॉड सर्वरवर असेल, तर तोच मॉड, त्याच आवृत्तीचा, खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही लागतो. नसेल तर सर्वर दारातूनच परत पाठवतो. शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. "पान ३२ उघडा" म्हणावे आणि दोघांकडे मागच्या आवृत्तीचे पुस्तक निघावे, तसेच हे.

माझा भाचा आणि त्याचे सात मित्रमैत्रिणी सुट्टीत असे खेळतात. कोणी ऐंशी फुटी रोडला, कोणी देवपूरला, एक नाशिकच्या हॉस्टेलवर. सर्वर माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे, म्हणून तक्रारीही माझ्याकडेच येतात: "मामू, उसका मॉड मॅच नहीं हो रहा." मुले फाइली व्हॉट्सअॅपवर पाठवायची. कोणाकडे 'नया', कोणाकडे 'फायनल', कोणाकडे 'फायनल २'. खेळ सुरू होईपर्यंत इशाची अजान व्हायची आणि ज्याचे जुळले नाही तो त्या दिवशी बाहेरच राहायचा. बाहेर राहणारा बहुतेक वेळा एकच असायचा, ज्याच्या घरी इंटरनेट म्हणजे वडिलांचा मोबाइल. वडील दुकानातून येईपर्यंत त्याच्यापर्यंत काही पोहोचत नसे.

म्हणून आपोआप जुळवणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच की आपोआप काय व्हावे आणि काय होऊ नये.

यासाठी पॅकविझ नावाचे मोफत साधन आहे. त्यात मॉडच्या फाइली वाटत नाहीत, यादी वाटतात. यादीत प्रत्येक मॉडपुढे लिहिलेले असते की फाइल कुठून घ्यायची, ती सर्वरला लागते, खेळणाऱ्याला की दोघांना, आणि तिचा हॅश काय. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली आकड्या-अक्षरांची खूण. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी खूण पार बदलते. ही यादी इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवायची. प्रिझम लाँचरमध्ये खेळ सुरू होण्याआधी एखादी आज्ञा चालवण्याची सोय आहे, तिथे यादीचा पत्ता एकदा लिहून द्यायचा. पुढे दर वेळी खेळ उघडला की यादी तपासली जाते, जे बदलले तेवढेच उतरते, यादीतून काढलेले काढून टाकले जाते. सर्वरही सुरू होताना त्याच यादीवरून स्वतःला जुळवून घेतो. हे महत्त्वाचे. सर्वरची एक यादी आणि मुलांची दुसरी असेल तर जुळवणीला अर्थ नाही.

आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते जपलेली आहेत. हाताने उतरवलेल्या प्रतींमध्ये पाठभेद शिरतात आणि मग मूळ कोणते हे शोधण्यात अभ्यासकांची आयुष्ये जातात. उतरवून घेणाऱ्यांकडे हॅश असता तर राजवाड्यांचे काम किती हलके झाले असते, असा विचार मला हे करताना आला. अर्थात मग पाठभेदांतून जे कळते तेही कळले नसते.

असो. बहुतेक लोक यापुढचे पाऊल सहज टाकतात: यादीही आपोआप अद्ययावत होऊ द्या, मॉडची नवी आवृत्ती आली की ती लगेच सगळ्यांकडे जाऊ द्या. माझा विरोध इथे आहे.

जून २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. कर्सफोर्ज आणि बुकिट या मॉड मिळण्याच्या मोठ्या ठिकाणी काही मॉडकर्त्यांची खाती ताब्यात घेऊन त्यांच्या नावावर दूषित फाइली टाकल्या गेल्या. फ्रॅक्चरायझर हे त्या व्हायरसचे नाव. तो कॉम्प्युटरवरच्या इतर मॉड फाइलींमध्ये शिरायचा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायचा. नाव ओळखीचे, जागा ओळखीची, मॉड नेहमीचा, फक्त आवृत्ती नवी. ज्याने नवे लगेच घेतले त्याच्याच घरात तो शिरला.

मोठ्या शहरात मुलाचा वेगळा कॉम्प्युटर असेल. आपल्या घरांत एकच असतो. त्यावर अब्बांचे जीएसटीचे काम, बाजीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, आणि संध्याकाळी माइनक्राफ्ट. माइनक्राफ्टचा मॉड हा पूर्ण प्रोग्राम असतो, त्या कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला जे करता येते ते सगळे त्यालाही करता येते. म्हणून हॅश बांधलेली यादी हवी आणि ती माणसानेच बदलावी. मात्र हॅशकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. फाइल चांगली आहे असे तो सांगत नाही, फाइल तीच आहे एवढेच सांगतो. चांगली की वाईट हे कोणीतरी बसून पाहावे लागते.

'मग काहीच बदलू नका' म्हणणारेही मला पटत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका भागात भोक सापडले, तेव्हा माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत नुसता एक विशिष्ट मजकूर लिहून दुसऱ्याच्या यंत्रावर हुकूम चालवता येत होता. तेव्हा जुन्यावर बसून राहणारे धोक्यात होते. असे भोक एखाद्या मॉडमध्ये निघाले तर यादीतली एक ओळ बदलली की आठही घरांत दुरुस्ती पोहोचते. पण ती ओळ बदलणारा जागा हवा.

ज्यांना ही सगळी उस्तवार नको, किंवा माइनक्राफ्ट विकत घेणे परवडत नाही, त्यांना मी लुआंटी सुचवतो. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते. मोफत आहे आणि त्यात जुळवणी मुळातच बसवलेली आहे. मॉडचा प्रोग्राम सर्वरवरच चालतो, खेळणाऱ्याकडे फक्त चित्रे, आवाज, आकृत्या आणि वस्तूंची माहिती जाते. एकदा आलेले चित्र साठवून ठेवले जाते, दुसऱ्यांदा डेटा जात नाही. मुलाने काही बसवायचे नाही, सर्वरचा पत्ता टाकायचा आणि आत जायचे. घरच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने मला ही रचना अधिक शहाणपणाची वाटते. मुलांना ती तितकी आवडत नाही, कारण यूट्यूबवर पाहिलेले मॉड तिथे नसतात. त्यांचेही खरे आहे.

आमच्या आठजणांत यादी आता नववीतल्या एका मुलीकडे आहे. ती निवडून आली, कारण फाइलीचे नाव शेवटपर्यंत वाचणारी तीच एक होती. नियम तिनेच लिहिले. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे थांबायचे, धोक्याची दुरुस्ती असेल तर थांबायचे नाही. बदल फक्त रविवारी. प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहायची: काय बदलले, का बदलले. जुन्या याद्या पुसायच्या नाहीत, म्हणजे बिघडले तर मागच्या रविवारवर परत जाता येते. एका वेळी उतरवायचे वजन ५० एमबीच्या वर जाऊ द्यायचे नाही. ही मर्यादा तिने मोबाइलच्या नेटवर खेळणाऱ्या त्या मुलाला विचारून ठरवली. आगगाडीचा मॉड त्याहून जड निघाला, तेव्हा भाचा आठवडाभर भांडला. मॉड अजून यादीत आलेला नाही.