माल गेला, वेष्टन कोणाचे?

नाशिकचा द्राक्षांचा घड युरोपातील एखाद्या घरी पोचतो तेव्हा त्याच्यासोबत आपल्या देशातून आणखी काही वस्तू गेलेल्या असतात. अर्ध्या किलोचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, फळ टिकविणारा गंधकयुक्त कागद, आतील पिशवी आणि बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके. द्राक्षे खाऊन संपतात. या वस्तू उरतात. त्या उचलायच्या कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी, हा प्रश्न आपल्या निर्यातदाराला फारसा कोणी विचारला नव्हता. आता तो विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर लेखी द्यावयाचे आहे.

वस्तू बाजारात आणणाऱ्याने तिच्या अवशेषांचाही भार वाहावा, हे तत्त्व नवे नाही. जर्मनीने १९९१ सालीच वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी कारखानदार व व्यापारी यांच्यावर टाकली. तेथे २०१९ पासून लागू असलेल्या कायद्यान्वये सार्वजनिक नोंदवहीत नाव घालावे लागते, ग्राहकाच्या घरी जाणाऱ्या वेष्टनाच्या वजनाप्रमाणे व पदार्थाप्रमाणे शुल्क भरावे लागते आणि नोंदीवाचून माल विकता येत नाही. युरोपीय संघाने याच्याही पुढे जाऊन सर्व सदस्य देशांसाठी एकच नियमावली केली. ती ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अस्तित्वात आली व १२ ऑगस्ट २०२६ हा तिच्या सर्वसाधारण अंमलाचा आरंभदिन ठरविण्यात आला.

पर्यावरणाच्या नावाखाली ही आपल्या मालाची अडवणूक आहे, अशी तक्रार होईल. ती आम्हांस पटत नाही. हाच नियम तेथील उत्पादकालाही बांधून आहे. शिवाय आपल्या सरकारनेही २०१६ च्या नियमांत आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लॅस्टिक वेष्टनापुरते हेच तत्त्व स्वीकारले आहे. जे घरी न्याय्य मानले, ते परक्याच्या दारी अन्याय्य कसे ठरेल?

तत्त्व न्याय्य आहे. त्याचा भार मात्र सारखा पडत नाही. घाऊक व्यवहारात नोंदणी व शुल्क ही बहुधा तेथील आयातदाराची जबाबदारी असते. परंतु डब्याचे वजन किती, प्लॅस्टिक कोणत्या जातीचे, त्याचा पुनर्वापर होतो किंवा नाही, ही माहिती तो येथूनच मागणार आणि शुल्काचा भारही खरेदीच्या भावात उतरविण्याचा प्रयत्न करणार. कोल्हापूरची चप्पल टपालाने थेट जर्मन ग्राहकाला पाठविणाऱ्या लहान विक्रेत्याला तर नोंदणी स्वतःच करावी लागते. मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतील. चार शेतकऱ्यांनी मिळून उभारलेल्या पॅकहाऊसला ते कसे परवडावे? हिशेब देता आला नाही म्हणून उत्तम माल मागे पडावा आणि व्यापार काही थोड्या हातांत एकवटावा, हा खरा धोका आहे.

या बाबतीत नाशिकने एक धडा पूर्वीच घेतला आहे. २०१० साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळले आणि युरोपच्या बंदरांत आपले कंटेनर अडकून पडले. बागांची नोंदणी व तपासणी तेव्हाही होत होती. तपासावयाच्या द्रव्यांच्या यादीत ते एक द्रव्य नव्हते, इतकेच. पुढे यादी सुधारली. पण बैल गेला नि झोपा केला, असे म्हणण्याची पाळी आलीच. तरीही ‘अपेडा’ची ग्रेपनेट व्यवस्था आणि मांजरी येथील द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा यांच्या बळावर आपण ती बाजारपेठ राखली, हे विसरता येत नाही.

जे फळासाठी केले, तेच आता वेष्टनासाठी करावे. ग्रेपनेटमध्ये बागेच्या नोंदीशेजारी डबा, पिशवी, कागद व खोके यांच्या वजनाची व पदार्थाची नोंद असावी. हे प्रमाणपत्र प्रत्येक शेतकऱ्याकडून न मागता डबे बनविणाऱ्या कारखानदाराकडून एकदाच घ्यावे. मुंबईच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेने तपासणीचे दर लहान निर्यातदाराच्या आवाक्यात ठेवावेत. देशवार नियमांची पुस्तिका मराठीत निघावी आणि ती हंगामापूर्वी गावोगावच्या सोसायट्यांत पोचावी. यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. वेळेवर करणे तेवढे अवघड असते.

वेळ तर फार थोडा आहे. दीड किलोहून कमी ताजी फळे एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकमध्ये भरून विकण्यास त्या नियमावलीने १ जानेवारी २०३० पासून मनाई केली आहे. फळ सुकू नये, त्याला मार लागू नये म्हणून ते वेष्टन आवश्यकच आहे, असे सिद्ध झाल्यास सदस्य देशांना सवलत देता येईल. परंतु सवलतीच्या आशेवर व्यापार चालत नाही. आपला अर्ध्या किलोचा डबा नेमका या मनाईच्या कक्षेत येतो. पुठ्ठ्याच्या डब्यातून द्राक्षे समुद्रप्रवास सुखरूप करतात काय, याचे प्रयोग याच हंगामात व्हावयास हवेत. परीक्षेची तारीख आधी कळूनही जो विद्यार्थी आदल्या रात्री पुस्तक उघडतो, त्याने प्रश्नपत्रिकेला दोष देऊ नये.