तिरकमठा शिकवणारे गुरुजी नेमा

नाशिक जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी आयुष्यभर सुतारकाम शिकवले. निवृत्तीनंतर इंग्लंडला मुलीकडे गेलो, तेव्हा तिने माझे नाव लाकडी धनुष्य घडवण्याच्या वर्गात घातले. तिकडचे जुने धनुष्य म्हणजे ‘लाँगबो’, माणसाएवढे उंच आणि एकाच लाकडातून काढलेले. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ जहाजावरची अशी १३७ धनुष्ये समुद्रतळाशी अखंड सापडली. ती यू नावाच्या झाडाची आहेत. त्या झाडाचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते, आतला तांबूस गाभा दाब सोसतो, म्हणून दोन्ही जिथे मिळतात तिथलीच पट्टी धनुष्याला घेतात.

आम्हाला मिळाले ॲश नावाच्या झाडाचे लाकूड. ते करवतीने चिरलेले नव्हते, पाचर ठोकून फाडलेले होते. त्यामुळे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतात. बाण मारताना जी बाजू लक्ष्याकडे असते ती धनुष्याची पाठ, आपल्याकडची ते पोट. पाठीवर एकच वर्षवलय पूर्ण राखायचे. ते कुठे कापले गेले, तर दोरी ओढल्यावर तिथूनच चीर पडते. लाकूड काढायचे ते पोटाच्या बाजूने, आधी दोन मुठींच्या सुऱ्याने, मग कानशीने, शेवटी धारदार पत्तीने खरवडून.

खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर आडवे ठेवायचे, दोरी कप्पीवरून थोडी थोडी ओढायची आणि लांब उभे राहून दोन्ही बाजूंचा बाक पाहायचा. जिथे ताठ दिसेल तिथे खरवडायचे, जिथे जास्त वाकेल तिथे हात लावायचा नाही. पुन्हा ओढायचे, पुन्हा पाहायचे. मी मुलांना गुण्या आणि फूटपट्टी शिकवत आलो. इथे दोन्ही बाजू मापाला तंतोतंत असूनही सारख्या वाकत नव्हत्या, कारण लाकूड एकीकडे दाट असते, एकीकडे गाठ लपलेली असते. ती नजर पुस्तकातून येत नाही. शेजारी उभा राहून ‘इथे’ म्हणून बोट ठेवणारा माणूस लागतो. आमच्या वर्गात तो होता, आणि त्याच कामाच्या फीवर त्याचे घर चालत होते.

असे बोट ठेवणारी माणसे आपल्याकडे आहेत. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा कारागीर बांबूचा तिरकमठा करतात, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची असते. अक्कलकुव्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी कोयत्याने बांबू तासताना पाहिले आहे. दर थोड्या वेळाने ते तो गुडघ्यावर दाबून बाक बघत. बांबूचा सगळा चिवटपणा सालीलगतच्या तंतूंत असतो, आतला भाग त्यामानाने भुसभुशीत. कोवळा बांबू चालत नाही, पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. हे सारे त्या बाबांच्या हातात आहे. पण आपल्या शाळांच्या दारातून ते गुरुजी म्हणून सहसा आत येऊ शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. हा मला अन्याय वाटतो, आणि ज्या व्यवस्थेत मी पगार घेतला तिच्याबद्दल हे लिहिताना दुःख होते.

कोणी म्हणेल, शिकारीला १९७२ पासून कायद्याने बंदी आहे, मग धनुष्य शिकून करायचे काय? खेळासाठी म्हणावे, तर २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले, ते चाकांच्या आधुनिक धनुष्यावर. बांबूचा तिरकमठा त्या स्पर्धेत चालणार नाही, हे खरे. उदयपूरकडचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, हेही तितकेच खरे. पण माझी मागणी पदकांसाठी नाही. लाकूड कुठे ताण घेते आणि कुठे दाब, हे एका धनुष्यातून जितके कळते तितके मला वर्षभर सांधे करून घेऊनही मुलांना कळवता आले नसते. खुर्ची असो वा छप्पर, तेच ज्ञान लागते.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: आश्रमशाळांमध्ये या कारागिरांना तासिका तत्त्वावर नेमा, शिक्षणाची अट काढा आणि इतर शिक्षकांइतकेच मानधन द्या. पहिला वर्ग सातपुड्यातल्या धडगावला घ्या. हत्यारांना धार लावून द्यायला मी स्वतः येईन.