शंट असलेल्या मुलाची उलटी ‘पित्ताची’ समजू नका. घरात मराठी कार्ड का हवे?

लोहा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर मुलाला सकाळीच उलट्या सुरू झाल्या, तर घरच्यांना आधी पित्त आठवते. गावातल्या दवाखान्यात सलाईन लागते, इंजेक्शन मिळते आणि मूल झोपले की सगळे निर्धास्त होतात. पण त्या मुलाच्या डोक्यात शंट असेल, तर ही झोपच धोक्याची खूण असू शकते.

शंट म्हणजे काय?

मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज सुमारे ५०० मिलिलिटर पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. ही वाट अडली की ‘डोक्यात पाणी होते’. जन्मजात दोष, मेंदूतील रक्तस्राव, गाठ किंवा क्षयरोगाचा मेंदूज्वर ही त्याची कारणे. साचलेले पाणी बाहेर काढण्यासाठी डोक्यातून त्वचेखालून पोटापर्यंत एक बारीक नळी नेली जाते. तिला झडप असते. हाच शंट.

तो बिघडतो कसा?

नळी तुंबते, तुटते, सरकते किंवा मूल वाढले की अपुरी पडते. लहान मुलांत जवळपास निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांत बंद पडतात, असे जगभरचा अनुभव सांगतो. जंतुसंसर्ग बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत होतो. अशा वेळी सहसा शंट काढून पाणी तात्पुरते बाहेर काढावे लागते, अँटिबायोटिक द्यावे लागते आणि नंतर नवा शंट बसवावा लागतो. पाणी प्रमाणाबाहेर वाहिले तरी त्रास होतो: उभे राहिले की डोके दुखते, आडवे झाले की थांबते.

महागडा शंट हा उपाय आहे का?

युगांडात १९५ मुलांचा अभ्यास झाला. भारतात तयार होणारा स्वस्त छाब्रा शंट आणि त्याच्या कितीतरी पट महाग परदेशी शंट यांच्या निकालात वर्षभरानंतर ठळक फरक आढळला नाही. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे गरिबाच्या मुलाचे नशीब नळीच्या किमतीवर ठरत नाही. बिघाड किती लवकर ओळखला, यावर बरेच ठरते.

मग अडते कुठे?

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण बिघाड गावात होतो. सुटी देताना मिळणारे कागद बहुधा इंग्रजीत असतात. कुटुंब ऊसतोडीला गेले की फाइल गावी पेटीत राहते. तिथल्या डॉक्टरला शंटचा पत्ताच नसतो.

म्हणून शंट बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने मराठीत एका पानाचे कार्ड देणे सक्तीचे करावे. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, शंटचा प्रकार, डॉक्टरांचा फोन नंबर आणि धोक्याच्या खुणा असाव्यात. झडपेचा दाब बाहेरून बदलता येत असेल, तर एमआरआयनंतर ती तपासून घ्यावी लागते, तेही लिहावे. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे गावातील अशा मुलांची नोंद हवी. याला मोठा निधी लागत नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी
- नेहमीपेक्षा जास्त झोप, हाक मारली तरी सुस्ती
- बाळाची टाळू फुगणे, डोके झपाट्याने वाढणे, नजर खाली झुकणे
- ताप, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज, पोटदुखी
- झटके येणे

यातले काही दिसले, तर ‘डोक्यात शंट आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. मूल गुंगीत असेल, तर १०८ ला फोन करून स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. झडप घरी दाबून पाहू नये.

कार्ड मिळेपर्यंत एक काम आजच करता येईल. सुटीच्या कागदांचे फोटो आई, वडील आणि आजोबा या तिघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावेत. पेटी गावी राहिली, तरी फोन फडावरही सोबत असतो.