पेशीची भिंत



मागच्या उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन घरांची तक्रार माझ्याकडे आली. पहिल्या घरी मिरचीची रोपे लावून पंधरा दिवस झाले होते. दाणेदार मिश्रखत रोपांच्या अगदी बुंध्याला लागून टाकले, वरून थोडे पाणी दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. माती ओली, तरी रोप तहानलेले!

दुसऱ्या घरी पाच महिन्यांचे वासरू होते. घरची मंडळी लग्नाला गेली आणि वासरू दिवसभर उन्हात बिनपाण्याचे राहिले. संध्याकाळी मालकिणीने कळवळून भरलेली बादली पुढे ठेवली. ती त्याने एका दमात संपवली, मग दुसरीही. रात्री त्याला लाल लघवी झाली आणि ते झोकांड्या खाऊ लागले.

एकीकडे पाणी असून रोप सुकले, दुसरीकडे पाण्यानेच वासरू आजारी पडले. या दोन्हींचे कारण एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे पेशीत.

घर जसे विटाविटांनी उभे राहते, तसे झाड असो की जनावर, ते पेशींचे बनलेले असते. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. पुढे १८३८ साली श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ साली श्वानने प्राण्यांबद्दल सांगितले, की साऱ्यांचे शरीर पेशींचेच असते.

झाडाच्या आणि जनावराच्या पेशीत बरेच काही सारखे असते. मध्ये केंद्रक असते. घरातल्या कर्त्या माणसासारखे ते कारभार पाहते, आणि आईबापांचे गुण पुढच्या पिढीला देणारी सामग्री त्यातच असते. तंतुकणिका म्हणजे घरची चूल. अन्न जाळून त्या कामाला लागणारी शक्ती देतात. हे सारे ज्या दाट रसात असते त्याला पेशीद्रव्य म्हणतात. सर्वांभोवती पातळ पेशीपटल असते. ते दारावरच्या राखणदारासारखे आत काय घ्यायचे, बाहेर काय सोडायचे हे पाहते. पाणी मात्र त्यातून सहज ये-जा करते.

आता फरक पाहा. झाडाच्या हिरव्या भागातील पेशींत हरितलवके असतात. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू घेऊन ती साखर तयार करतात. झाडाच्या वाढलेल्या पेशीत मोठी रिक्तिका असते. नाव रिक्तिका असले तरी ती पेशीरसाने भरलेली पखाल असते. आणि पेशीपटलाच्या बाहेर असते पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची टणक भिंत. जनावराच्या पेशीला ही भिंत नसते.

पाण्याचा स्वभाव असा, की पटलाच्या ज्या बाजूला क्षार किंवा साखर जास्त, तिकडे ते ओढले जाते. याला परासरण म्हणतात. माझ्या भगिनींना हे नवे नाही. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. मीठ बाहेर, म्हणून आतले पाणी बाहेर.

मिरचीचे तेच झाले. खत मुळाशी विरघळले, तिथे क्षार दाट झाले आणि मुळांच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले गेले. पखाली रिकाम्या झाल्या. भिंत उभी राहिली, पण आतून रेटा नाही म्हणून पान लोंबले. याउलट एरवी मुळाशी साधे पाणी असते, तेव्हा ते पेशीत शिरते, पखाल फुगते आणि भिंतीला रेटा देते. भिंत तो सोसते, म्हणून पेशी फुटत नाही आणि पान ताठ राहते.

वासराच्या रक्तातील तांबड्या पेशींना ही सोय कुठली? एकदम पोटात गेलेल्या पाण्याने रक्त पातळ झाले, पाणी तांबड्या पेशींत शिरले, त्या फुगल्या आणि फुटल्या. त्यांचा लाल रंग लघवीत उतरला. मेंदूलाही अशीच सूज येते, म्हणून जनावर झोकांड्या खाते.

त्या रात्रीच गुरांचे डॉक्टर आले, म्हणून वासरू वाचले. मिरचीला वारंवार पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढले, तरी बरीच रोपे पुन्हा लावावी लागली. त्यात माझीही चूक होती. खत किती द्यावे ते मी सांगितले होते, कुठे द्यावे ते सांगायचे राहिले. म्हणून आज लिहितो:

खत बुंध्यापासून चार-पाच बोटे दूर, गोल आळ्यात द्यावे, मातीने झाकावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. कोरड्या जमिनीत खत देऊ नये.

वासरापुढे पाणी नेहमी असावे. तहानलेल्या वासराला मात्र थोडेथोडे, थांबून थांबून पाजावे.

लघवी लाल दिसली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. गोचीड तापातही लघवी लाल होते. कारण कोणते ते डॉक्टरांनीच ठरवावे.

रोपाला भिंत आहे, वासराला नाही. एवढे ध्यानात राहिले तर खताची मूठ आणि पाण्याची बादली दोन्ही जपून उचलली जातील.