औषध आहे, पण वाट कोठे आहे?

पेडणे आणि डिचोली हे तालुके आज पूर्वीचे राहिलेले नाहीत. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरत आहेत. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर देशोदेशीचे प्रवासी येतात, डिचोलीच्या खाणपट्ट्यात परप्रांतीचे मजूर व ट्रकचालक येतात आणि सातार्डा, बांदा, दोडामार्ग येथून आमचेच तरुण रोज हद्द ओलांडून कामावर जातात. पोटासाठी घर सोडलेल्या माणसाच्या आयुष्यात एकटेपण येते, संबंध जुळतात. हा मनुष्यस्वभाव आहे आणि एचआयव्हीचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

हा रोग जडूच नये म्हणून घ्यावयाची गोळी निघाली आहे, हे आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? टेनोफोविर व एम्ट्रिसिटाबिन या दोन औषधांची मिळून ती होते. अमेरिकेत तिला २०१२ साली मान्यता मिळाली. ज्यांना धोका मोठा आहे अशा सर्वांस ती उपलब्ध व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. नियमाने रोज घेतल्यास शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी टळते. आपल्याच देशातील कारखाने ही गोळी बनवितात आणि जगाला पुरवितात. म्हणजे विहीर आपल्या परसात, आणि तहानेने व्याकुळ आपणच!

असे का व्हावे? रोग जडल्यावरचे औषध सरकार २००४ पासून विनामूल्य देते. रोग टाळण्याची गोळी मात्र बहुतांशी पदरचे पैसे टाकूनच घ्यावी लागते. तीही सहज मिळत नाही. आधी रक्ताची चाचणी, मूत्रपिंडांची तपासणी, आणि पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. हे सारे शास्त्रास धरूनच आहे. परंतु ज्या गावात डॉक्टर वडिलांच्या ओळखीचा आणि औषधविक्रेता मामाच्या नात्यातला, तेथे कोणत्या तरुणाने तोंड उघडावे? प्रसंग घडून गेल्यावर घ्यावयाचे औषध तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. लाजेत आणि चौकशीत ते ७२ तास केव्हाच निघून जातात.

लाजेची ही भिंत कोणी बांधली, हेही सांगितले पाहिजे. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणास, केवळ त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला म्हणून, पोलिसांनी धरून नेले आणि म्हापशाच्या ओस पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याचा अपराध कोणता? त्याने रक्तदान केले होते! २०१७ च्या केंद्रीय कायद्याने अशा रुग्णाशी भेदभाव करण्यास आणि त्याची माहिती संमतीविना फोडण्यास मनाई केली. पण कायद्याने बेडी तुटली तरी मनातली भीती अद्याप तुटलेली नाही.

कोणी म्हणेल, अशा गोळ्या वाटल्याने अनीती माजेल. आम्ही विचारतो, देवीची लस टोचल्याने कोणी देवीच्या रोग्यास कवटाळू लागला होता काय? आणि ज्या गृहिणीचा पती वर्षानुवर्षे बाहेरगावी असतो, तिने कोणती अनीती केली? नीतीचा उपदेश देवळात करावा. दवाखान्यात औषधच द्यावे. ही गोळी इतर गुप्तरोगांपासून वाचवीत नाही, सबब निरोध वापरलाच पाहिजे, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पेडणे व डिचोली येथील सरकारी दवाखान्यांत ही गोळी विनामूल्य मिळावी. मागणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. आणि हद्दीच्या अलीकडच्या माणसास ‘तुझा पत्ता कोठला?’ म्हणून परत पाठवू नये. रोग चेकनाक्यावर थांबत नाही. मग औषधाने का थांबावे?

वर्षातून दोनदाच टोचावयाचे लेनाकापाविर हे नवे औषध आता आले आहे आणि ते स्वस्तात बनविण्याचा परवाना मिळालेल्यांत पुण्याची एक कंपनी आहे. पण आजची गोळीच तालुक्यात पोहोचली नाही, तर उद्याची सुई कशी पोहोचणार?

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ध्यानात ठेवावा, आणि घरातील तरुणास तो संकोच न बाळगता सांगावा. लाजेने आजवर पुष्कळ बळी घेतले. आणखी एकही देण्यास आम्ही तयार नाही!