जवळची वाट, दूरची वाट

पृथ्वीचा गोल हाती घेऊन दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो पूर्वेला वा पश्चिमेला न वळता उत्तरेकडे, ध्रुवप्रदेशावरून जातो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशाला सरावलेल्या डोळ्यांना हे पटणे कठीणच! पण विमानाचा वेळ या दोऱ्यावर ठरत नाही.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, ती अटलांटिकवरून. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटरवर गेले. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जवळपास दोन तास आधीच संपला. याचे श्रेय वाऱ्याचे. अतिउंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत अटलांटिकच्या वाटेवर समोरून येत, पॅसिफिकच्या वाटेवर ते पाठीशी आले.

वारा कोणाचा मित्र नाही की शत्रू नाही. आकाशाचे तसे नाही. बालाकोटनंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैमध्ये उघडले. तेवढ्या काळात, २ जुलैपर्यंत, एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी तेच दार पुन्हा बंद झाले आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे, अरबी समुद्राचा वळसा घ्यावा लागला. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. त्यासाठी दिलेल्या कारणांत विमानांच्या तुटवड्याबरोबर हे बंद आकाशही होते.

राष्ट्राच्या भूमिकेची किंमत मोजावी लागते, याबद्दल दुमत नाही. परंतु ती मोजतो कोण? २०१९ मध्ये एअर इंडिया सरकारचीच होती. तोटा पर्यायाने साऱ्या देशाने वाटून घेतला. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली. आता हा बोजा एका कंपनीच्या हिशेबवहीत आणि नातवंडांना भेटायला निघालेल्या वृद्ध आई-वडिलांच्या तिकिटात पडतो. बंदी केवळ भारतीय विमानांना असल्याने आखाती आणि युरोपीय कंपन्यांना ही अडचण नाही. प्रवासी साहजिकच तिकडे वळतात आणि त्याला देशप्रेमाचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल.

हे केवळ भारताच्याच वाट्याला आले असेही नाही. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय विमानांना आकाश बंद केले, तेव्हा फिनलंडच्या फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या घरात गेला. आशियाकडची जवळची वाट हाच त्या कंपनीच्या व्यवसायाचा पाया होता. तिला साऱ्या धंद्याची दिशा बदलावी लागली.

बंदीमुळे वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असे एअर इंडियाने सरकारला कळवून साहाय्य मागितल्याचे वृत्त २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खासगी कंपनीला सरसकट अनुदान द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. पण वळशात जळणाऱ्या जादा इंधनापुरता वाटा उचलणे हे अनुदान नव्हे. सीमेवरच्या खर्चासारखाच तोही राष्ट्राचा खर्च आहे.